गोपनीय शेरा आणि अकरा अ‍ॅडमिन

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. जबाबदार माणसाकडे लेखी नोंद पाहिजे. कोर्सचे सर म्हणाले होते, कोणी काय केलं, कधी केलं, सगळं लिहून ठेवा. सर पुण्याचे, पण हे बोलणं पटलं.

काल सर्टिफिकेट आलं. 'क्लाउड सुरक्षेची बारा पथ्ये'. ऑनलाइन, तीन दिवस, रोज दोन तास. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लाइट गेली होती. तिसऱ्या दिवशी मी अर्धाच वेळ होतो. परीक्षेत दहापैकी सहा. सर्टिफिकेटवर मार्क छापत नाहीत, ही चांगली पद्धत आहे. लगेच लॅमिनेशन करून आणलं.

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बावीस वर्षं काढली, पण अख्ख्या अमरावतीत माझी ओळख 'ते प्रिंटरवाले मनोजभाऊ' अशी. आता बदलेल. समाजाच्या वधू-वर मंडळाने दिवाळीत मला तंत्रज्ञान प्रमुख केलं. चारशे बारा मुलामुलींचे बायोडाटा आता क्लाउडवर. क्लाउड म्हणजे आपली माहिती घरी न ठेवता दुसऱ्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवायची आणि पाहिजे तिथून इंटरनेटवर उघडायची. बायकोला, मंजुषाला, समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आपले सोन्याचे डाग शेजारणीकडे ठेवाचे. मी म्हटलं, साधारण तसंच, पण शेजारीण अमेरिकेत. तिने सर्टिफिकेटवर गरम कढई ठेवली. मुद्दाम नसेल.

संकल्प: रोज एक पथ्य. बारा दिवसांत मंडळ अभेद्य.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज पथ्य नाही. आज महत्त्वाची नोंद.

मंडळाचे अध्यक्ष वामनराव. रिटायर मास्तर, वय चौऱ्याहत्तर. पंचवीस वर्षं सोयरिकी जुळवतात. कोणाचं स्थळ आलं की स्वतः त्या गावी जाऊन, पानठेल्यावर बसून, गुपचूप चौकशी करतात आणि लाल वहीत शेरा लिहितात. वही लोखंडी कपाटात. किल्ली त्यांच्या कमरेच्या करदोड्याला. त्यांच्याशिवाय ती वही आजपर्यंत कोणी वाचलेली नाही. आता बारीक अक्षर वाचायला डोळे साथ देत नाहीत म्हणून दिवाळीत मला दिली. मी सगळे शेरे टाइप करून यादीत सगळ्यात उजव्या कॉलममध्ये टाकले. कॉलमचं नाव: गोपनीय शेरा. नवीन आलेल्या स्थळांचे शेरे वामनराव फोनवर सांगतात, मी टाकतो.

त्यांना म्हटलं, कपाटाचा जमाना गेला. त्यांनी विचारलं, याची किल्ली कुठं असते. म्हटलं, पासवर्ड असतो. ते म्हणाले, तो कुठं बांधाचा.

शेरे वाचून विसरायचं ठरवलं होतं. 'उंची सांगतात ती चपलेसकट.' 'मुलगा चांगला, आई ऐकू देत नाही.' 'मुलगा बोलत नाही. फायदा की तोटा, सांगता येत नाही.' आमचे उपाध्यक्ष देवीदास यांच्या पुतण्यापुढे: 'पोरगा गरीब. काका अती शहाणा.' एकही विसरलो नाही. मंजुषाला फक्त तीन सांगितले.

बुधवार, १२ नोव्हेंबर. दुपारी

पथ्य पहिलं: पासवर्ड अवघड असावा.

समितीत मी धरून अकरा जण. बाकीच्या दहा जणांना फोन केला की स्वतःच्या मनाने, कोणालाही न सांगता, एक पासवर्ड ठरवा. दहाही जणांनी तिथल्या तिथे मला सांगून टाकला. आठ जणांचा शेगावच्या महाराजांच्या नावाने, मागे १२३. देवीदासचा महाराजांच्या नावाने, मागे ३२१. महिला आघाडीच्या पंचफुलाबाईंचा नातवाच्या नावाने. नातू महाराजांच्या प्रकटदिनाला झाला म्हणून त्याचंही नाव तेच.

म्हटलं, बदला. वामनराव म्हणाले, काहून, महाराजांवर भरोसा नाही काय. समाजात राहायचं आहे. तसेच ठेवले.

माझा वेगळा आहे. महाराजांच्याच नावाने, पण मागे माझं जन्मसाल.

शनिवार, १५ नोव्हेंबर. संध्याकाळी ५

मोनाली येऊन गेली. वच्छलाताईची मुलगी, माझी एकुलती भाची. अकोल्याला कृषी विद्यापीठात मातीच्या लॅबमध्ये आहे. ताई अकोल्याजवळ शेवंती-झेंडू लावते आणि पहाटे स्वतः बाजारात नेते. भाऊजी गेल्यापासून, ताई म्हणते, मोनालीचा बाप आता तूच.

मोनालीची सोयरीक ठरली आहे. चंदन, वरूडकडचा, संत्र्याचा बगीचा, खुशालरावांचा मोठा मुलगा. आमच्याच मंडळातून जुळलं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ३० तारखेला.

मंजुषा भाजी आणायला गेली तेव्हा मोनाली म्हणाली, मामा, एक सांगाचं हाये. हॉस्टेलला असताना तिला दोनदा फिट आली होती. भाऊजींना जाऊन तेव्हा सहाच महिने झाले होते, म्हणून ताईला कळूच दिलं नाही. एकटी दवाखान्यात जायची. दोन वर्षं गोळ्या घेतल्या, यंदा मार्चमध्ये डॉक्टरने बंद केल्या. आता काही नाही. पण चंदनले हे साक्षगंधाच्या आंधी सांगाचं हाये म्हणे, समोर बसून, मी सोता. २७ तारखेला तो अकोल्याला येणार आहे, तेव्हा. मग आईला. तिने विचारलं, बरोबर करून राहिली ना मी, मामा.

एवढी शिकलेली पोरगी मला विचारते. मी म्हटलं, एकदम बरोबर, पारदर्शकता ही पथ्यातच आहे. ती म्हणाली, तोवर कोणालेच नोका सांगू. मी म्हटलं, बेटा, तुझा मामा सुरक्षेतलाच माणूस आहे.

मंजुषालाही सांगितलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

रविवार, १६ नोव्हेंबर. बैठकीनंतर

पथ्य दुसरं: ज्याला जेवढं लागतं तेवढाच अधिकार द्यावा. सरांनी हे तीनदा सांगितलं होतं.

मी दोन दर्जे केले. अ‍ॅडमिन, म्हणजे सगळं उघडू-बदलू शकणारा: मी. व्ह्यूअर, म्हणजे फक्त पाहणारा: बाकी सगळे. गोपनीय शेरा मी आणि वामनराव, बस. बैठकीत सांगितलं. देवीदास उठून उभा राहिला. म्हणाला, वीस वर्षं समाजासाठी चपला झिजवल्या त्या काय खिडकीतून पाहासाठी. पंचफुलाबाई म्हणाल्या, बायांले पंगतीत बसवाचं आन पत्रावळ नाही द्याची, असं झालं हे. मी म्हटलं, हे सुरक्षेसाठी आहे. देवीदास म्हणाला, कोणापासून? आमच्यापासून? म्हणजे आमी चोर.

चहा कोणी घेतला नाही. आलुबोंडे थंड झाले. एका जणाने तर चपला घातल्या.

शेवटी अकराही जणांना अ‍ॅडमिन केलं. त्यातही आधी कोणाला, यावर वीस मिनिटं गेली, वयाप्रमाणे घेतलं. प्रत्येकाला दुपट्टा, नारळ आणि लॅमिनेशन केलेलं कार्ड. देवीदासने लगेच स्टेटस ठेवलं, 'सन्माननीय अ‍ॅडमिन'. मान ठेवला की माणसं सांभाळली जातात. पथ्य दुसरं वेगळ्या पद्धतीने पूर्ण.

सोमवार, १७ नोव्हेंबर. लॅबमधून, दुपारी १ वाजता

यादी तपासली. चारशे अकरा जणांच्या पुढे शेरा आहे. एकाच रकान्यात काही नाही. मोनाली.

तो रिकामा रकाना डोळ्यात खुपतो. उद्या कोणी म्हणेल, तंत्रज्ञान प्रमुखाची भाची म्हणून सोडली. सरांनी सांगितलं होतं, माहिती अपूर्ण असणं हाही धोकाच. शिवाय शेरा कॉलम म्हणजे तिजोरी. तिजोरीत ठेवणं म्हणजे कोणाला सांगणं नव्हे.

लिहिलं: 'मुलगी गुणी. हॉस्टेलला दोनदा फिट. गोळ्या मार्चमध्ये बंद. आईला माहीत नाही. मुलाला २७ तारखेला स्वतः सांगणार. तोवर गोपनीय.'

शेवटचं वाक्य सुरक्षेसाठी टाकलं.

डबा अर्धाच खाल्ला. वांगं कडू होतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पथ्य तिसरं: पासवर्डच्या वर आणखी एक कुलूप, म्हणजे मोबाइलवर येणारा आकडा. अध्यक्षांचा मान म्हणून सगळ्यांचा आकडा वामनरावांच्या मोबाइलवर येईल असं केलं. वामनराव परवा लेकीकडे धारणीला गेले. मेळघाटात त्यांच्या मोबाइलला रेंज नाही. दोन दिवस अकरा अ‍ॅडमिनपैकी एकही आत जाऊ शकला नाही.

तसे पाहता हे मंडळाचे सर्वात सुरक्षित दोन दिवस. पण देवीदासचे चौदा फोन आले. वामनराव जीपने कुठल्याशा टेकडीवर येऊन मला विचारून गेले की आकडा आला तर तो वाचाचा का पुसाचा. म्हातारा माणूस, थंडीचे दिवस. आकडा बंद करून टाकला. तात्पुरता.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आढावा. बारापैकी चार पथ्यं चालू (एक तात्पुरतं बंद, तेही धरून). आज एका क्लिकमध्ये नववं पथ्यही झालं: कोणी काय केलं याची नोंद, अगदी पहिल्या दिवसापासूनची, आपोआप दिसते आणि ती कोणालाच पुसता येत नाही. आवडलं. चोर सापडेल.

मोनालीचा शेरा काढून टाकावा असं दोनदा मनात आलं. २७ नंतर तसाही काढायचाच आहे. उगाच काढ-घाल कशाला.

सोमवार, २४ नोव्हेंबर. दुपारी १२.३०

ताईचा फोन. साक्षगंधाचा मुहूर्त काढायला गुरुजींना मोनालीची जन्मवेळ पाहिजे. कागद सापडत नाही. म्हणाली, तुह्या ढगात असन ना. अभिमान वाटला. तिला पासवर्ड सांगितला, तिने तो पंचवीस मिनिटं चुकवला. दरम्यान प्राचार्यांनी प्रिंटरसाठी दोनदा बोलावलं. शेवटी यादीवर 'लिंक असेल त्या कोणालाही दिसेल' हे चालू केलं आणि लिंक ताईला पाठवली. पाच मिनिटांसाठी.

तिला वेळ सापडली. म्हणाली, माह्या भावानं केलं म्हणून झालं. मग प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढत बसलो. टोनर फुटलं. शर्ट गेला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

टोनरचे डाग निघत नाहीत. मंजुषा बोलत नाही. पथ्य नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर. सकाळी ९.४०

फुटलं.

देवीदासचा फोन सहा वाजता. विचारलं, काका अती शहाणा म्हणजे कोण. मी म्हटलं, कुठे वाचलं? तो म्हणाला, सगळ्या दुनियेनं वाचलं.

ताईने ती लिंक घरच्या ग्रुपवर टाकली होती, पोरीचा बायोडाटा म्हणून, कौतुकाने. तिथून आत्याच्या ग्रुपवर, तिथून अकोला, वरूड, परतवाडा. शेरा कॉलम सगळ्यात उजवीकडे आहे, मोबाइलवर बोटाने सतरा वेळा सरकवावं लागतं. एवढं कोण सरकवतं? सगळे सरकवतात.

लिंक बंद केली. ९.३८. लोकांनी फोटो काढून ठेवले आहेत.

मोनालीची ओळ कोणी पाहिली नसेल. चारशे बारा आहेत. लोक आधी स्वतःचीच पाहतात.

बुधवार, २६ नोव्हेंबर. संध्याकाळी ४

पाहिली.

खुशालरावांनी वरूडहून ताईला विचारलं. ताई म्हणाली, लबाड बोलते तो वामनराव बुढा, माह्या पोरीले काही नाही. मग मोनालीने तिला बाजूला नेऊन सांगितलं की खरं आहे. हे सगळं ताईने मला फोनवर रडत सांगितलं. वामनरावानं असं काहून केलं रे मनोज, म्हणे, माह्या पोरीनं त्याचं काय घेतलं होतं.

मी म्हटलं, ताई, हॅक झालं आहे. ती म्हणाली, हॅक झालं ते झालं, पण लेहिलं कोणं.

मी म्हटलं, तपास चालू आहे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

अपराधी वगैरे वाटत नाही. तांत्रिकदृष्ट्या लिंक पुढे पाठवणारी ताई आहे. तांत्रिकदृष्ट्या पासवर्ड सगळ्यांचा एकच होता. तांत्रिकदृष्ट्या अकरापैकी कोणीही अ‍ॅडमिन हे करू शकला असता. फक्त भूक नाही, आणि मंजुषाने विचारलं की मोनालीला फोन केला का, तेव्हा मी बाथरूममध्ये गेलो.

साक्षगंध पुढे ढकललं. खुशालराव म्हणाले, सांगणार होती असं लेहिलं हाये, सांगतलं त नाही ना.

रविवार, ३० नोव्हेंबर. दुपारी ३

आज साक्षगंध असतं. त्याऐवजी तातडीची बैठक.

सत्तर माणसं. एका बाईने वामनरावांना विचारलं, माह्या पोराची उंची मोजाले तुमी टेप घेऊन आल्ते काय. वामनराव उभे राहिले. काठी धरून. म्हणाले, शेरे माझे आहेत. सोयरीक फसू नये म्हणून लेहिले, कोणाले खाली पाहाले लावाले नाही. पण कागदावर आले म्हंजे जबाबदारी माही. अध्यक्षपद सोडलं. तिथेच कमरेची किल्ली सोडायला लागले, गाठ सुटेना, पंचफुलाबाईंनी सोडून दिली.

मग हॅकची चौकशी करायला समिती नेमली. प्रमुख: मी. टाळ्या झाल्या. देवीदास म्हणाला, हे शेजारच्या जिल्ह्याच्या मंडळाचंच काम असन, मनोजभाऊनं ते मुळासकट काढाव. मी हात जोडले. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण टाळ्या चालू होत्या.

मंगळवार, २ डिसेंबर

चौकशी अहवाल सुरू. सुबक कव्हर पेज. 'हल्लेखोर: अज्ञात. पद्धत: अत्याधुनिक.' दोन पानं रशियाबद्दल.

नोंदी उघडल्या. '२४ नोव्हेंबर, ११.५२. मनोज. सर्वांसाठी खुले केले.' त्याच्या वर: '१७ नोव्हेंबर, ११.०६. मनोज. रकाना भरला.' दुसऱ्या कोणाचं नावच नाही. बाकी दहा अ‍ॅडमिनपैकी आजवर एकानेही आत जाऊन काही केलेलं नाही. देवीदास तर एकदाही आत गेलेला नाही.

सरांना ईमेल केला की एखादी नोंद चुकून झाली असेल तर काढता येते का. सरांचं उत्तर दहा मिनिटांत: नाही, हाच तर फायदा आहे. खाली हसरा चेहरा.

गुरुवार, ४ डिसेंबर

खुशालरावांनी नकार कळवला. ताईकडे निरोपाचा माणूस आला होता म्हणे, त्यांनीच दिलेली संत्र्याची पेटी परत न्यायला.

मोनालीला मेसेज लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला, 'खंबीर राहा.' पाठवला. तिने वाचला. दोन निळ्या खुणा दिवसभर तशाच.

शनिवार, ६ डिसेंबर. संध्याकाळी ६

वामनराव घरोघर माफी मागत फिरत आहेत. स्वतःच्या स्कूटरवर, मागे मी. मी कशाला? हॅक कसं झालं ते लोकांना समजावून सांगायला. आज सात घरं झाली. ते दारात हात जोडतात, मी मागे उभा राहून 'अत्याधुनिक' म्हणतो. एका घरी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. मला विचारलं. मी प्यालो.

वाटेत राजापेठला चहाला थांबलो. ते म्हणाले, मनोज, उद्या अकोल्याले तुह्या बहिणीकडे जाचं हाये. तिची माफी सगळ्यात मोठी. मग कप खाली ठेवला. म्हणाले, एक विचारतो, खरं सांग. तुह्या भाचीचं ते फिटचं मी लेहिल्याचं मले याद नाही. किती आठोतो, काहीच डोक्स्यात येत नाही. कोणाजोळ चौकशी केली, कोणतं गाव, काही नाही. तुले फोनवर मीच सांगतलं असन, नाही का?

मी म्हटलं, असेल.

एवढंच म्हटलं. 'हो' म्हटलं नाही.

त्यांनी चहाचे पैसे दिले, माझेही. माह्या बापाचं असंच झालं होतं, म्हणाले. आंधी नावं भुलला, मग घर. मग स्कूटर काढली. शहरातला रस्ता पंचवीस वर्षांचा पाठ, तरी आज मला दोनदा विचारलं, डावीकडेच ना.

रविवार, ७ डिसेंबर. परतीच्या बसमध्ये

ठरवून गेलो होतो. अहवाल बॅगेत, आणि मनात भाषण: आधी तांत्रिक पार्श्वभूमी, मग मानवी चूक, मग कोणाची ते.

ताईने दार उघडलं. मला पाहून डोळे भरले, वामनरावांना पाहून कोरडे झाले. बसा म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. मोनाली समोर बसली. वामनराव खुर्चीवरून उठले, तिच्यापुढे वाकून हात जोडले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. म्हणाले, बाई, मले याद नाही, पण माह्याच हातून झालं असन. आता मेंदू साथ देत नाही. माफ कर.

माझं भाषण पार्श्वभूमीपाशीच अडकलं.

मोनालीने त्यांचे हात धरून खाली बसवलं. हळूच म्हणाली, आबा, तुमी नाही लेहिलं. ते म्हणाले, मनोजच म्हणाला ना, 'असन' म्हणून. ती म्हणाली, त्यात २७ तारीख लेहिली हाये. २७ ले मी सांगणार हावो हे मी जगात एकाच माणसाले सांगतलं होतं.

माझ्याकडे पाहिलं नाही. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ओळ वाचली त्या मिनिटापासून. मी रशियाबद्दल दोन पानं लिहिली तेव्हाही, 'खंबीर राहा' पाठवलं तेव्हाही.

ताई चहा घेऊन आली. माझ्या हातातल्या चहावर साय आली.

निघताना मोनाली फाटकापर्यंत आली. म्हणाली, चंदन २७ ले आला होता, मामा. मी तोंड उघडाच्या आंधीच म्हणाला, वाचलं मी. तो नाही म्हणाला त्याचं मी पाहून घेईन. पण सांगाचं तेवढं माह्यं होतं. मी म्हटलं, बेटा. ती म्हणाली, आईले अजूनही वाटते की आबाईनंच लेहिलं. मी नाही सांगणार तिले. ज्याचं त्यानं सांगाव.

बसमध्ये वामनराव खिडकीशी. मूर्तिजापूर आलं. मला वाटलं आता शिव्या देतील, दिल्या तर बरं होईल. ते वळून म्हणाले, म्हंजे मी भुललो नाही. म्हटलं, नाही जी. म्हणाले, पाच-सहा गावाईची नावं मी रातभर घोकून पाह्यली, सगळी बरोबर येत होती, तरी भरोसा नव्हता. मग पुन्हा म्हणाले, भुललो नाही म्हंजे. आणि डोळे पुसले. माझ्यावर रागावायचं त्यांना सुचलंच नाही.

अहवाल बॅगेत तसाच आहे.

सोमवार, ८ डिसेंबर. दुपारी ३.२०

कॉलेजला गेलो नाही. सकाळी मंडळाच्या ग्रुपवर लिहून टाकलं: हॅक नाही. लिंक मी उघडी ठेवली. एक शेराही मीच लिहिला, वामनरावांना काही ठाऊक नव्हतं. तासाभराने देवीदासने विचारलं, मंग आमचं अ‍ॅडमिन राहते का नाही.

ताई त्या ग्रुपवर नाही. तिला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. तीनदा. चौथ्यांदा तिनेच केला. म्हणाली, काल चहा तसाच टाकून गेला, तोंड उतरलं होतं तुह्यं, जेवला का आज. म्हटलं, जेवलो. जेवलो नव्हतो.

मग सांगितलं. मोनालीने मला काय सांगितलं होतं, मी ते कधी लिहिलं, लिंक का उघडली, वामनराव काल कशाची माफी मागत होते. मध्ये एकदा 'तांत्रिकदृष्ट्या' तोंडात आलं. गिळलं.

वाटलं, लाइन गेली. दोनदा ताई म्हटलं. मग ती म्हणाली, दूध उतू जाऊन राहिलं, ठेवते.

ताईकडे दूध सकाळी सातला तापतं. दुपारी तीनला तिच्या गॅसवर काही नसतं.